भिंतीवरचे रोहित, दगडातले देव

प्रश्न : नातीला चित्रकलेचं वेड आहे. रविवारी तिला भिंतीवरची चित्रं, शिल्पं दाखवायची आहेत. आम्ही नेरूळला राहतो. कुठून सुरुवात करू? – एक आजोबा

उत्तर : आजोबा, घराजवळूनच करा. नवी मुंबईच्या भिंतींवर रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, खूप रंगवलेत. नातीला त्याचा ‘गुडघा’ शोधायला सांगा. पायाच्या मध्यावर मागे वळलेला दिसतो तो सांधा खरं तर घोटा असतो. गुडघा वर पिसांत लपलेला! चित्रकाराला हे ठाऊक होतं की नाही, ते लगेच कळतं. ओल लागलेल्या भिंतीवर रंगाचे पापुद्रे सुटतात, तेही बघू दे. नेरूळच्याच वंडर्स पार्कातल्या, जगातल्या आश्चर्यांच्या प्रतिकृतींना तासभर पुरे.

खरी मजा अंबरनाथला. ठाण्याला गाडी बदलून कर्जत किंवा बदलापूर लोकल धरा, पुढे रिक्षा. शिलाहार राजांच्या काळातलं हे शिवमंदिर. शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ.स. १०६०. गाभारा जमिनीखाली, पायऱ्या उतरून जायचं. बाहेरच्या भिंतींवर मूर्तींची एवढी दाटी, की मान अवघडते.

मी पहिल्यांदा भर दुपारी गेले. काळा दगड तापलेला, अनवाणी तळपाय भाजले आणि डोक्यावरच्या उन्हात कोरीव काम सपाट दिसलं. तुम्ही सकाळीच जा. तिरपं ऊन पडलं की कमरपट्ट्याचा मणी न् मणी उठून दिसतो. नातीकडे पेन्सिल आणि वही द्या. मोबाइल मात्र तुमच्याच खिशात राहू दे.