बंगळूरची विधान सौध, म्हणजे कर्नाटकाच्या विधिमंडळाची इमारत, खरंच द्राविड शैलीची आहे का? मग वर घुमट कसा?

अर्धी आहे. खालून वर बघत गेलात की लगेच कळतं.

जोत्यापासून छज्ज्यापर्यंतची भाषा दाक्षिणात्य देवळाची आहे: थरांचं उंच अधिष्ठान (जोतं), नक्षीदार खांब, त्यांवर फुटलेले हस्त (आधाराचे घोडे) आणि गोलसर वळणाचा कपोत (छज्जा). त्याच्या वर मात्र मिश्रण सुरू होतं. झरोके राजस्थानी वळणाचे आहेत. मधला घुमट सुमारे 60 फूट व्यासाचा. द्राविड विमानात, म्हणजे देवळाच्या गाभाऱ्यावरच्या मनोऱ्यात, मजले पायरीपायरीने आत सरकत जातात आणि टोकाला लहान, घुमटाकार दगडी शिखर बसतं. एवढा मोठा, आतून पोकळ घुमट त्या परंपरेत नाही. तो इंडो-सारासेनिक, म्हणजे इंग्रजी अमदानीतल्या भारतीय-इस्लामी-युरोपीय मिश्र शैलीच्या, सरकारी इमारतींकडून आला. म्हणून जाणकार हिला 'नव-द्राविड' म्हणतात, आणि ते नाव योग्यच आहे.

पायाभरणी 1951 मध्ये नेहरूंच्या हस्ते झाली. आधीचा आराखडा बराच साधा होता. 1952 मध्ये मुख्यमंत्री झालेल्या केंगल हनुमंतय्यांनी तो बदलून वाढवला, वास्तुविशारद बी. आर. माणिकम यांनी तो उभा केला आणि 1956 मध्ये काम संपलं. इमारत सुमारे 700 फूट लांब, 350 फूट रुंद. पूर्वेच्या दर्शनी भागात 40 फुटी 12 खांब, आणि त्यांच्यापुढे 204 फूट रुंदीचा, 45 पायऱ्यांचा जिना. मजुरांत तुरुंगातले कैदीही होते.

बेलूर-हळेबीडची होयसळ राजांच्या काळातली देवळं पाहून आलेल्यांना इथली नक्षी जाडीभरडी वाटते. दोष कारागिरांचा नाही, दगडाचा आहे. होयसळांचा दगड मऊ. खाणीतून काढल्यावर त्यावर दागिन्याचा मणीसुद्धा कोरता येतो. बंगळूरच्या आसपासचा ग्रॅनाइट कठीण आणि भरड दाण्याचा. त्यात बारीक, खोल कापायला गेलं की कड दाण्याच्या सांध्यावर तुटते. म्हणून इथे नक्षी मोठ्या आकाराची, उथळ आणि लांबून वाचता येईल अशी ठेवली आहे. एवढ्या लांबीच्या इमारतीला तेच शोभतं. बारीक काम रस्त्यावरून दिसलंच नसतं.

बघायला सकाळी जा, दर्शनी बाजूवर थेट ऊन असतं. मेट्रोच्या पर्पल लाइनवर विधान सौध स्थानक आहे. दर्शनी जिना एरवी लोकांसाठी खुला नसतो, त्यामुळे फोटो समोरच्या आंबेडकर वीधी या रस्त्याच्या पलीकडच्या पदपथावरून काढा. तिथेच मागे वळलात की लाल अठारा कचेरी, म्हणजे उच्च न्यायालय, दिसेल: ग्रीक-रोमन धाटणीची, इंग्रजी अमदानीतली. सौध मुद्दाम तिच्या समोर आणि तिच्याहून कितीतरी मोठी आहे.