वाचकांचे प्रश्न : एफएमजीई आणि १५० गुणांचा हिशेब

परदेशातून वैद्यकीय पदवी घेतलेल्या भारतीयांना इथे नोंदणीसाठी जी स्क्रीनिंग परीक्षा द्यावी लागते, ती एफएमजीई. तिच्या तयारीबद्दल आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : किर्गिझस्तानातून पदवी घेतली. दोनदा परीक्षा दिली, १३१ आणि १३८ गुण पडले. मेडिसिन आणि सर्जरीचे सगळे व्हिडिओ दोन वेळा पाहिले, रोज दहा तास बसतो. चुकतंय कुठे? — एक वाचक, परभणी

तास कमी पडत नाहीत. ते कुठे खर्च होतात, ते बघा. परीक्षा ३०० गुणांची, उत्तीर्ण व्हायला १५०. गुणानुक्रम लावून इथे जागा वाटत नाहीत, त्यामुळे १५१ आणि २३० यांत नोंदणीच्या दृष्टीने काहीही फरक नाही. तरीही बहुतेक मुलं नीट पीजी या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेच्या थाटात तयारी करतात. मेडिसिनच्या एकेका प्रकरणात खोल शिरतात आणि छोटे विषय ‘शेवटच्या महिन्यात बघू’ म्हणून बाजूला ठेवतात.

परीक्षा घेणाऱ्या मंडळाने दिलेली गुणविभागणी कागदावर लिहून भिंतीला लावा. मेडिसिन ३३, सर्जरी ३२, स्त्रीरोग-प्रसूती ३०, पीएसएम (प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र) ३०. बालरोग, नेत्र आणि ईएनटी प्रत्येकी १५. अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री प्रत्येकी १७. पॅथॉलॉजी, मायक्रोबायॉलॉजी, फार्माकॉलॉजी प्रत्येकी १३. फॉरेन्सिक १०. मानसोपचार, त्वचारोग, भूल, अस्थिरोग, रेडिओडायग्नोसिस आणि रेडिओथेरपी प्रत्येकी ५.

आता बेरीज करा. पीएसएम ३०, फॉरेन्सिक १०, नेत्र आणि ईएनटी मिळून ३०, पाच-पाच गुणांचे सहा विषय मिळून ३०. झाले १००. मेडिसिन आणि सर्जरी दोन्ही मिळून ६५, आणि त्यांचा अभ्यासक्रम या शंभर गुणांच्या विषयांपेक्षा कितीतरी मोठा. बायोकेमिस्ट्रीला अ‍ॅनाटॉमीइतकेच १७ गुण आहेत, पण व्हिटॅमिन्स, एन्झाइमच्या कमतरतेचे आजार, प्रत्येक चक्राचं रेट-लिमिटिंग एन्झाइम आणि मॉलिक्युलर बायॉलॉजीच्या चाचण्या एवढं पक्कं केलं तर त्यांतला मोठा भाग हाती येतो. १३८ वरून १५० ला जायचे बारा गुण अशाच ठिकाणी पडून आहेत.

दुसरी गोष्ट व्हिडिओंची. व्हिडिओ बघताना सगळं ओळखीचं वाटतं. परीक्षेत मात्र ते आतून आठवावं लागतं, आणि ही दोन वेगळी कामं आहेत. तुमचे ते दोनदा पाहून झालेत, तिसऱ्यांदा लावू नका. प्रकरणाच्या नोट्स चाळा, पुस्तक मिटा, लगेच २५-३० प्रश्न सोडवा. त्याच प्रकरणाचे प्रश्न तिसऱ्या दिवशी, दहाव्या दिवशी आणि महिन्याने पुन्हा घ्या. दिवसाचा निम्मा वेळ प्रश्नांत जायला हवा.

चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे वहीत कारण लिहा, कारण तिन्ही प्रकारच्या चुकांवर औषध वेगळं आहे. मुळात माहीतच नव्हतं, तर ते प्रकरण वाचायला हवं. वाचलं होतं पण आठवलं नाही, तर पुन्हा वाचून उपयोग नाही, त्या मुद्द्याची उजळणी जवळजवळच्या दिवसांनी हवी. आणि येत होतं पण ‘खालीलपैकी कोणते नाही’ यातला ‘नाही’ नजरेतून सुटला, तर प्रश्नाची शेवटची ओळ आधी वाचायची सवय लावावी लागते. १३०-१४० च्या घरात अडकलेल्यांनी या तिसऱ्या प्रकारच्या चुका आधी मोजाव्यात. तिथले गुण अभ्यास न वाढवता परत मिळतात.

पूर्ण ३०० प्रश्नांची मॉक टेस्ट पंधरा दिवसांतून एकदा, शेवटच्या दोन महिन्यांत आठवड्यातून एकदा द्या. १५० प्रश्न, १५० मिनिटं, मध्ये विश्रांती, पुन्हा तेवढंच. तुकड्या-तुकड्याने सोडवलेली टेस्ट दुपारच्या सत्रातला थकवा दाखवत नाही. विभागवार वेळेच्या पद्धतीत एका विभागाची वेळ संपल्यावर मागे येता येत नाही, म्हणून ‘खूण करून शेवटी बघू’ ही सवय त्या विभागापुरतीच ठेवा. टेस्टच्या विश्लेषणाला पुढचे दोन दिवस राखून ठेवा. शेवटच्या तीस दिवसांत नवीन नोट्स किंवा नवीन क्लास नको.

प्रश्न : पीएसएम आणि फॉरेन्सिक आम्हाला परदेशात जेमतेम शिकवलं. काय वाचावं? — एक विद्यार्थिनी, सांगली

अडचण अगदी खरी आहे. परदेशातल्या कॉलेजात त्या देशाचं लसीकरण आणि त्या देशाचा कायदा शिकवतात, परीक्षा मात्र भारताचं विचारते. आपण जे शिकलो ते चूक नव्हतं, पण इथलं उत्तर वेगळं आहे, हे धरूनच हे दोन विषय कोऱ्या पाटीने सुरू करा.

राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रक न बघता लिहिता आलं पाहिजे: जन्मतः बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि २४ तासांच्या आत हिपॅटायटिस-बी, ६, १०, १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंट (पाच आजारांवरची एकत्र लस), ९ महिन्यांना एमआर (गोवर-रुबेला). इंजेक्शनचा पोलिओ अंशात्मक मात्रेत ६ आणि १४ आठवड्यांना देतात, २०२३ पासून ९ महिन्यांचा तिसरा डोसही आला. जुन्या नोट्समध्ये तो सापडणार नाही. क्षयरोगात औषधं रोज द्यायची: पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने पायराझिनामाइड वगळून तीन. परदेशी पुस्तकात पुढच्या टप्प्यात दोनच औषधं दिसतात. एथाम्ब्युटॉल आपल्याकडे शेवटपर्यंत चालू राहतं, आणि पर्यायांत नेमका तोच सापळा असतो. मलेरियात प्रायमाक्विन व्हायव्हॅक्सला ०.२५ मिलिग्रॅम प्रति किलो १४ दिवस, फॅल्सिपेरमला ०.७५ मिलिग्रॅम प्रति किलो एकच मात्रा.

पीएसएममधल्या गणितांना घाबरू नका. सेन्सिटिव्हिटी, स्पेसिफिसिटी, प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यू, रिलेटिव्ह रिस्क आणि ऑड्स रेशो हे सगळं एका दोन-बाय-दोन तक्त्यातून निघतं. आठवडाभर रोज पाच गणितं हाताने करा. तक्ता मांडताना आजार नेहमी वरच्या बाजूला आणि चाचणी डावीकडे ठेवा. चूक सहसा सूत्रात होत नाही, मांडणी उलटल्यामुळे होते.

फॉरेन्सिकचं जुनं पुस्तक असेल तर कायद्याचं प्रकरण बाजूला ठेवा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहेत. निष्काळजीपणाने मृत्यूचं भारतीय दंड संहितेतलं जुनं ३०४-अ आता न्याय संहितेचं १०६ झालं, हुंडाबळीचं ३०४-ब आता ८०. नुसते आकडे बदललेले नाहीत: गंभीर दुखापतीच्या व्याख्येत जिथे वीस दिवस होते, तिथे न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये पंधरा दिवस आहेत. गर्भपाताच्या कायद्यातली २०२१ ची दुरुस्तीही करून ठेवा: २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, ठरावीक गटांतल्या स्त्रियांसाठी २० ते २४ दरम्यान दोन डॉक्टरांचं, त्यापुढे गर्भात मोठं व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळ.

प्रश्न : मुलगा रशियात शेवटच्या वर्षाला आहे. तिथल्या कागदावर नाव वेगळंच उमटलंय. अर्ज अडकेल का? — एक पालक, जळगाव

अडकू शकतो, पण मुलगा तिथे असेपर्यंत दुरुस्ती सोपी आहे. आपल्या नावाची अडचण दुहेरी असते. आपण दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी लिहितो, पासपोर्टवर ते वेगळ्या रकान्यात जातं आणि वडिलांचं नाव मध्येच कुठेतरी राहतं. त्यात नाव रशियन लिपीत जाऊन परत आलं की ‘ह’चा ‘ख’ किंवा ‘ग’ होतो. त्याला आजच पासपोर्टवरचं स्पेलिंग घेऊन विद्यापीठाच्या कार्यालयात पाठवा आणि पदवी, गुणपत्रक, त्यांचं अधिकृत भाषांतर सगळीकडे तेच उतरवून घ्या.

पदवीवर अपोस्टिल (कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा सरकारी शिक्का) लागतं आणि ते पदवी देणाऱ्या देशातच मिळतं, भारतात परतल्यावर इथल्या कार्यालयात नाही. रशिया, जॉर्जिया, फिलिपिन्स हे अपोस्टिल मानणाऱ्या हेग करारातले देश आहेत. करारात नसलेल्या देशात भारतीय दूतावासाचं साक्षांकन घ्यावं लागतं. विमानाचं तिकीट काढण्याआधी हे काम हातावेगळं करा. मूळ पासपोर्ट, नीट यूजीचा निकाल आणि प्रवेशपत्र एका फाइलमध्ये ठेवा. १८ नोव्हेंबर २०२१ च्या नियमांखाली प्रवेश घेतला असेल तर किमान ५४ महिन्यांचा इंग्रजी माध्यमाचा अभ्यासक्रम आणि तिथली १२ महिन्यांची इंटर्नशिप पूर्ण झाल्याचा पुरावाही लागेल.

प्रश्न : तयारी चालू असताना एका खासगी दवाखान्यात रात्रपाळीला ‘डॉक्टर’ म्हणून बोलावताहेत. घरी पैशाची ओढ आहे. जावं का? — नाव दिलेलं नाही

जाऊ नका. घरची ओढ समजते, तरीही नको. नोंदणी नसताना रुग्णावर उपचार केल्यास राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, २०१९ च्या कलम ३४ खाली एक वर्षापर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. रात्री एखादा रुग्ण दगावला तर दवाखाना हात वर करेल आणि पुढे राज्य परिषदेत नोंदणी मागताना ते प्रकरण तुमच्यासमोर उभं राहील. शिवाय रात्रपाळीने सकाळचा अभ्यास बुडतो आणि परीक्षा आणखी सहा महिने लांबते. कमाई हवीच असेल तर नीटच्या मुलांना जीवशास्त्र शिकवा, वैद्यकीय लेखनिकाचं काम घ्या. पुढचा रस्ताही लक्षात ठेवा: उत्तीर्ण झाल्यावर महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेची तात्पुरती नोंदणी, मग इंटर्नशिप, त्यानंतर कायम नोंदणी.

प्रश्न : येत नसलेले प्रश्न सोडून द्यावेत का? — एक वाचक, लातूर

एकही सोडू नका, चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. समजा १२० प्रश्न खात्रीचे बरोबर आहेत. उरलेल्या १८० मध्ये चारपैकी एक पर्याय नुसत्या अंदाजाने निवडला तरी सरासरी ४५ मिळतात, बेरीज १६५. सरासरी म्हणजे हमी नव्हे, एखाद्या दिवशी ३५ च मिळतील. म्हणून मॉकमध्ये अंदाजाने दिलेल्या उत्तरांपुढे खूण करा आणि खात्रीचे बरोबर किती, ते वेगळं मोजा. तो आकडा सलग तीन टेस्टमध्ये १२० च्या वर असेल तर अर्ज भरा. ११० च्या खाली असेल तर आधी वरचे शंभर गुणांचे छोटे विषय पुन्हा हातात घ्या.