पाचव्या किलोमीटरनंतर बधिर होणारी बोटे आणि बुटाची रुंदी

ताई, दुसऱ्या बाळंतपणानंतर दोन वर्षांनी तुम्ही पुन्हा धावू लागला आहात, पाच किलोमीटर झाले की उजव्या पायाची तिसरी आणि चौथी बोटे बधिर होतात, अंगठ्याचे नख काळे पडले आहे, आणि दुकानात ट्रेडमिलवर चालवून पाहिल्यावर ‘तुमचा पाय सपाट आहे, कमानीला आधार देणारेच बूट घ्या’ असे तुम्हाला सांगण्यात आले आहे. डिसेंबरमधल्या अर्धमॅरेथॉनसाठी कोणत्या कंपनीचे बूट घ्यावेत, असा तुमचा प्रश्न आहे. हे सारे नऊ वर्षांपूर्वी माझ्या बाबतीत जवळजवळ असेच घडले होते, म्हणून सविस्तर लिहिते आहे. मी डॉक्टर नाही आणि फिजिओथेरपिस्टही नाही. बोटांचा बधिरपणा बूट काढल्यानंतरही राहत असेल, किंवा घरात कोणाला मधुमेह असेल, तर माझे उत्तर बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना पाय दाखवा.

कंपनीचे नाव मी मुद्दाम सांगणार नाही. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचे फर्मे, म्हणजे ज्यांवर बूट बेततात ते पावलाच्या आकाराचे साचे, वेगळे असतात, आणि त्याच मॉडेलची पुढच्या वर्षीची आवृत्ती कधीकधी चवड्यापाशी अरुंद झालेली असते, त्यामुळे ‘अमुक कंपनी चांगली’ हे वाक्य दुसऱ्याच्या पायाला फारसे लागू पडत नाही. गादी किती जाड, टाच आणि चवडा यांच्या उंचीत किती मिलिमीटर फरक, या गोष्टी तुम्ही वाचलेल्या दिसतात, म्हणून त्यांतही शिरत नाही. माझे सगळे सांगणे रुंदीबद्दल आहे, कारण माझे चार महिने त्यात वाया गेले.

मी तेव्हा एका शनिवारी सकाळी अकरा वाजता, ऑफिसला घालते तसले पातळ मोजे घालून एका मोठ्या दुकानात गेले होते. तिथे मला अनवाणी ट्रेडमिलवर चालवले, मागून घोट्यांचे चित्रीकरण केले, पडद्यावर दोन लाल रेषा ओढल्या आणि माझे पाय आत झुकतात असे दाखवले. त्या पडद्याचा माझ्यावर इतका प्रभाव पडला की पुढे पायात घातलेला बूट करंगळीपाशी दाबतो आहे, हे जाणवत असूनही मी ते दुय्यम मानले. मी तसे बोलूनही दाखवले. विक्रेत्याने उत्तर दिले की लेडीजमध्ये याहून रुंद येत नाही, आणि आठ-दहा दिवस वापरलेत की सैल होतील. मी साडेनऊ हजार रुपये मोजून पाच नंबरचे बूट घरी आणले.

‘सैल होतील’ यावर माझा विश्वास बसला त्याला कारण आहे. आपण लहानपणापासून कोल्हापुरी चपला घालत आलो आहोत. नवी कोल्हापुरी चावते, अंगठ्याशी सालटे निघते, मग आपण तेल लावतो, चार दिवस घरात घालून फिरतो आणि चामडे पायाचा आकार घेते. धावण्याच्या बुटाची वरची जाळी मात्र कृत्रिम धाग्यांची असते, तिच्यावर कडेने चिकटवलेल्या पट्ट्या असतात, आणि पायाला धरून ठेवण्यासाठी तिने ताणले न जाणे हेच तिच्याकडून अपेक्षित असते. आतली गादी थोडी दबते, टाचेपाशी थोडा मऊपणा येतो. चवड्यापाशी जो बूट दुकानात दाबतो तो तिसऱ्या महिन्यातही दाबतच राहतो. शिवाय अर्ध्या तासाच्या धावण्यानंतर पाऊल सुजून थोडे मोठे होते, त्यामुळे दुकानातला दाब हा सर्वांत कमी दाब असतो.

माझ्या तिसऱ्या आणि चौथ्या बोटांच्या मध्ये आधी मुंग्या, मग बधिरपणा आणि शेवटी चवड्याखाली खडा रुतल्यासारखी कळ येऊ लागली. बूट काढून बोटे चोळली की बरे वाटे, म्हणून मी ते सरावाचे दुखणे समजत राहिले. अखेर अस्थिरोगतज्ज्ञांनी सांगितले की बोटांच्या हाडांमधून जाणारी नस सतत चेंगरून सुजली आहे. सहा आठवडे धावणे बंद झाले आणि ज्या शर्यतीसाठी बूट घेतले ती हुकली. काळे पडलेले नख गळून नवे पूर्ण यायला वर्षाहून अधिक काळ लागला; अंगठ्याचे नख तसेही हळूच वाढते.

नेमकी चूक कुठे झाली हे मला घरीच, एका रविवारी संध्याकाळी कळले. जुन्या दिनदर्शिकेचे पान उलटे करून फरशीवर ठेवले, त्यावर उभी राहिले आणि मुलीला पेन्सिल सरळ धरून माझ्या पावलाभोवती रेघ काढायला सांगितले. मग बुटातली सुटी गादी काढून त्या रेघेवर ठेवली. टाचेकडे गादी रेघेपेक्षा किंचित बाहेर होती, म्हणजे तिथे बूट सैलच होता. पण करंगळीच्या बाजूला माझे पाऊल गादीच्या कडेबाहेर चांगले बोटभर जात होते. त्या गादीवर उभे राहिल्यावर करंगळी चक्क जमिनीवर टेकत होती. इतके दिवस ती बोटे बुटाच्या भिंतीला टेकून एकमेकांवर चढत होती, आणि ट्रेडमिलवरच्या त्या तपासणीत पावलाची रुंदी कोणी मोजलीच नव्हती.

तुम्ही हे आजच करून पाहा, तेही संध्याकाळी, दोन्ही पायांवर सारखे वजन देऊन उभे राहून. दोन्ही पावले वेगवेगळी काढा. माझे डावे पाऊल २४.७ सेंटिमीटर आणि उजवे २४.३ आहे, माप नेहमी मोठ्या पावलाचे धरावे लागते. काही जणींचे अंगठ्याशेजारचे बोट अंगठ्याहून लांब असते, त्यांनी लांबी त्या बोटापर्यंत मोजावी. तुम्ही चपलेचा नंबर पाच म्हणून बुटाचा नंबर पाच असे लिहिले आहे, ते मला धोक्याचे वाटते. चपलेत बोटे पुढे, कडेला मोकळी असतात. बुटात उभे राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा लागते. यूके क्रमांकावरही (आपल्याकडे बुटांवर असतो तो ब्रिटिश पद्धतीचा नंबर) फार भिस्त ठेवू नका, कारण एकाच सेंटिमीटरच्या बुटावर दोन कंपन्यांचा क्रमांक अर्ध्याने वेगळा असू शकतो. बुटाच्या जिभेआतल्या छोट्या पट्टीवर सेंटिमीटर छापलेले असतात, तो आकडा पाहा. मी आता २५.५ घेते, म्हणजे त्या पाच नंबरपेक्षा जवळजवळ दोन क्रमांकांनी मोठा.

बाळंतपणाचा मुद्दा तुम्ही जाताजाता लिहिला आहे, पण माझ्या मते तोच मुख्य असू शकतो. गरोदरपणात वजन वाढते, सांधे धरून ठेवणारे बंध सैल होतात आणि पायाची कमान थोडी खाली येते; ती पूर्ववत होईलच असे नाही. २०१३ साली अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी ४९ स्त्रियांची पावले गरोदरपणाच्या सुरुवातीला आणि बाळंतपणानंतर पाच महिन्यांनी मोजली, तेव्हा अनेकींची पावले लांब झालेली आणि कमान खाली आलेली आढळली. म्हणजे लग्नाआधीचा किंवा पहिल्या मुलाआधीचा नंबर आता तुमचा राहिलेला नसेल. माझा राहिला नव्हता, आणि मी मात्र कॉलेजपासूनचा पाच नंबर दुकानात ठामपणे सांगितला होता.

आता त्या सपाट पायाबद्दल. या विषयावर माझे मत ठाम आहे. ज्यांना पटणार नाही त्यांचा मी आदर करते. कमानीच्या आकारावरून बूट ठरवून दिल्याने दुखापती कमी होतात का, हे अमेरिकेच्या लष्करात, हवाई दलात आणि मरीन दलात नव्याने भरती झालेल्या हजारो स्त्री-पुरुषांवर तपासले गेले. अर्ध्यांना कमान पाहून बूट दिले, अर्ध्यांना सरसकट एकाच प्रकारचे दिले. दोन्ही गटांत दुखापतींच्या प्रमाणात म्हणावा असा फरक पडला नाही. कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठात शरीराच्या हालचालींचा अभ्यास करणारे बेनो निग यांनी २०१५ साली असे मांडले की धावणाऱ्याला जो बूट पायात सुखाचा वाटतो तोच निवडणे हा अधिक भरवशाचा मार्ग असावा. ज्यांना डॉक्टरांनी तपासून आधार लिहून दिला आहे त्यांनी तो जरूर वापरावा. पण विक्रेत्याने दोन मिनिटांत पडद्यावर ओढलेल्या रेषेसाठी करंगळीची तक्रार दाबून टाकू नये.

रुंद बूट बायकांसाठी मिळतच नाहीत, हेही खरे नाही. रुंदी अक्षरांनी दाखवतात. बायकांच्या बुटात ‘बी’ ही नेहमीची आणि ‘डी’ ही रुंद. पुरुषांच्या बुटात ‘डी’ हीच नेहमीची आणि ‘टू-ई’ रुंद. पुण्यातल्या दुकानांत बायकांची ‘डी’ रुंदी मांडणीवर क्वचित दिसते, मागवून घ्यावी लागते. ती मिळत नसेल तर त्याच सेंटिमीटरचा पुरुषांचा बूट मागा आणि बिनधास्त घालून पाहा. विक्रेत्याच्या चेहऱ्यावर काय उमटते याकडे लक्ष देऊ नका. अडचण एकच येते: बायकांची टाच बहुधा चवड्याच्या मानाने अरुंद असते, त्यामुळे पुरुषांच्या बुटात ती उचलली जाते. त्यावर उपाय म्हणजे लेसची अगदी वरची, सहसा रिकामी राहणारी भोके. लेस त्याच बाजूच्या वरच्या भोकात घालून दोन्हीकडे एकेक छोटा फास करायचा, समोरचे टोक त्या फासातून ओवायचे आणि मग खाली व मागे ओढून गाठ मारायची. टाच पक्की बसते आणि चवड्यावर दाब येत नाही. मी सहा वर्षे असेच धावते आहे.

जोडव्यांबद्दल कोणी लिहीत नाही, म्हणून लिहिते. जोडवे घालून धावणार असाल तर ते घालूनच बूट पाहा. धावताना काढणार असाल तर काढून पाहा. अंगठ्याशेजारच्या बोटातले जाड जोडवे बंद बुटात दोन्हीकडच्या बोटांना ढकलते आणि आधीच कमी असलेली जागा आणखी कमी करते. मी धावायला जाताना ते काढून देवघरातल्या वाटीत ठेवते. घरी यावर थोडे बोलणे झाले, ते मी शांतपणे ऐकून घेतले आणि सूज दाखवली.

दुकानात धावण्याचे मोजे घेऊन जा, बूट घालून पाचदहा मिनिटे फिरा, आणि जिना असेल तर चार वेळा उतरा. तळजाई किंवा वेताळ टेकडीवरून उतरताना पाय पुढे सरकून नखे आदळतात; सपाट फरशीवर ते कळत नाही. टेकडीच्या मुरमावर अधिक धावणार असाल तर खालच्या रबराला खोल खाचा हव्यात. तेच बूट पावसाळ्यात शेवाळलेल्या पेव्हर ब्लॉकवर मात्र जपूनच वापरावेत. भिजलेल्या बुटांत रद्दी कोंबून पंख्याखाली वाळवा, उन्हात किंवा हीटरपुढे ठेवू नका.

बदलून घेण्याच्या बाबतीत मला जो मनस्ताप झाला तो तुम्हाला होऊ नये. बाराव्या दिवशी मी बूट परत घेऊन गेले, तेव्हा रस्त्यावर वापरलेला माल घेत नाही असे सांगून मला ग्राहक सेवेकडे पाठवण्यात आले. तिथे प्रत्येक वेळी नवी व्यक्ती बिलाचा क्रमांक पहिल्यापासून विचारी. तळव्यांची छायाचित्रे मागवली, बूट धुऊ नका, तपासणीला लागतील असे बजावले, आणि पाच आठवड्यांनी ‘उत्पादनात दोष नाही’ असे एका ओळीचे उत्तर आले. दोष नव्हताच, मला चुकीचे माप दिले होते, आणि ती तक्रार नोंदवायला त्यांच्या अर्जात रकानाच नव्हता. त्या पाच आठवड्यांत दुसरा जोड घ्यायचा धीर मला झाला नाही, मी त्याच बुटांत धावत राहिले, आणि नसेचे दुखणे वाढले ते त्याच काळात. आजही त्याबद्दल मला वाईट वाटते.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष वस्तू बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत परत घ्यायला नकार देणे ही अनुचित व्यापार प्रथा ठरते, आणि तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय क्रमांक आहे. माप चुकणे हा मात्र मालातला दोष धरला जात नाही, त्यामुळे कायद्याचा आधार इथे तोकडा पडतो. म्हणून पैसे देण्याआधी विचारा: घरात स्वच्छ फरशीवर घालून पाहिलेला बूट किती दिवसांत बदलून मिळेल? उत्तर बिलावर लिहून घ्या. लिहून द्यायला नकार मिळाला तर मी तिथून खरेदी करत नाही. घरी आणल्यावर दोनतीन संध्याकाळी अर्धा-अर्धा तास घरातच घाला आणि मगच रस्त्यावर न्या.

सध्याचे बूट लगेच टाकणे शक्य नसेल तर लेस पूर्ण काढून चवड्याजवळची पहिली दोन भोके मोकळी सोडा आणि तिथून वर ओवा. थोडी जागा होते. अंतर मात्र बधिरपणा सुरू होण्याच्या आतच थांबवा, म्हणजे सध्या चार किलोमीटर. दोन्ही पावलांची लांबी, चवड्याची सर्वांत जास्त रुंदी आणि सध्याच्या बुटाच्या जिभेवरचा सेंटिमीटरचा आकडा इथे लिहिलात तर त्यावरून पुढचे माप सुचवता येईल.