'टू' म्हणजे 'खूपच' नव्हे

नागपूरच्या मिहान उद्योग-क्षेत्रात तुम्हाला नोकरी लागली आहे, क्लायंट ब्रिटनचे आहेत. 'व्हेरी, टू, सो, क्वाइट यांत कधी कोणता, फ्यू-लिटल-लेसचा गोंधळ कसा मिटवायचा आणि यासाठी पुस्तक कोणतं घ्यायचं', असं तुम्ही विचारलंय. पुस्तक सध्या राहू द्या. आधी डोक्यात बसलेलं एक सूत्र काढावं लागेल. 'व्हेरी म्हणजे खूप, टू म्हणजे खूपच' हे सूत्र आपल्याकडे शिकवणीच्या फळ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या लिहिलं जातंय, आणि माझं त्याच्याशी जुनं वैर आहे.

दोन ओ असलेला 'टू' प्रमाण सांगत नाही, तक्रार सांगतो. सावजीचा रस्सा 'व्हेरी स्पायसी' म्हणजे झणझणीत आहे, वाढा अजून. 'टू स्पायसी' म्हणजे घशाखाली उतरत नाही, ताट उचला. घोळ झाला तो आपल्या 'च'मुळे. मराठीत 'खूपच छान' ही दाद असते आणि 'जास्तच तिखट' ही कुरकुर; 'च' दोन्हीकडे चालतो. सूत्र लिहिणाऱ्यानं दादेचा 'खूपच' उचलला आणि कुरकुरीचा 'टू' त्याला चिकटवला. म्हणून 'टू'च्या जागी 'खूपच' घालून बघू नका, 'नको तितकं' घालून बघा. 'नको तितकं तिखट' बसतं, तिथे टू. 'नको तितकं छान' बसत नाही, तिथे व्हेरी किंवा रिअली.

यातली सगळ्यात महाग पडणारी चूक ऑफिसच्या मेलमध्ये होते. नवं काम मिळालं की उत्साहात लिहिलं जातं, 'वुई आर टू एक्सायटेड टू स्टार्ट'. वाचणाऱ्याला कळतं ते असं: हे लोक इतके हुरळलेत की यांच्यानं काम सुरूच होणार नाही. कारण टू, मग विशेषण, मग एक ओवाला 'टू' आणि क्रियापद ही रचना इंग्रजीत 'इतकं की अमुक जमत नाही' असा नकार सांगते. मे महिन्यात पारा ४५ ओलांडतो तेव्हा 'इट्स टू हॉट टू गो आउट' हे बरोबर, कारण बाहेर पडवतच नाही. उत्साह दाखवायचा असेल तर 'व्हेरी एक्सायटेड टू स्टार्ट' किंवा नुसतं 'एक्सायटेड टू स्टार्ट'. एका शब्दाची चूक, पण वाक्याचा अर्थ उलटा होतो.

त्याचंच भावंड म्हणजे 'टू मच हॉट'. हे आपल्या 'बहुत जास्त गरम'चं इंग्रजी. 'टू मच' नामाआधी येतं: टू मच वर्क, टू मच सॉल्ट. मोजता येणाऱ्या वस्तू असतील तर टू मेनी मेल्स. विशेषणाआधी जोर द्यायचा तर क्रम फिरवा: 'मच टू हॉट', नाहीतर 'फार टू हॉट' (हा 'फार' इंग्रजीतला, दूर या अर्थाचा). 'इनफ'चा क्रमही असाच फिरतो. 'पुरेसं मोठं' म्हणायची सवय असल्यानं आपण 'इनफ बिग' म्हणतो. इंग्रजीत विशेषणानंतर इनफ, 'बिग इनफ', आणि नामाआधी इनफ, 'इनफ टाइम'.

व्हेरीच्या मर्यादा पटकन सांगतो. तुलनेच्या रूपाआधी तो चालत नाही, 'व्हेरी बेटर' नाही, 'मच बेटर'. क्रियापदाआधी नाही, 'आय व्हेरी लाइक' नाही, 'आय लाइक इट अ लॉट'. आणि जे विशेषण आधीच टोकाला गेलंय त्याला व्हेरी लागत नाही: फ्रीझिंग, एनॉर्मस, एग्झॉस्टेड यांना 'अ‍ॅब्सोल्यूटली' लावा. सो आणि सच मधला फरक तर नामापुरताच: 'सो हॉट', पण 'सच अ हॉट डे'.

'क्वाइट'कडे मात्र नीट लक्ष द्या, कारण तुमचे लोक ब्रिटनचे. अमेरिकन माणूस 'क्वाइट गुड' म्हणाला तर कौतुक समजा. ब्रिटिश म्हणाला तर बरेचदा अर्थ 'ठीक आहे, बरं आहे' इतकाच, मग आवाजाचा उतार बघावा लागतो. पण 'क्वाइट राइट', 'क्वाइट इम्पॉसिबल' यांत तोच शब्द 'पूर्णपणे' होतो, कारण बरोबर आणि अशक्य यांना पायऱ्या नसतात. उलट ब्रिटिश माणसाचं 'नॉट बॅड' हे चांगलंच कौतुक असतं, आणि 'आय अ‍ॅम अ बिट डिसअपॉइंटेड' असं आलं तर तो 'अ बिट' शिष्टाचाराचा आहे. उलीसं नाही, चांगलंच बिनसलंय.

आता फ्यू आणि लिटल. मोजता येतं तिथे फ्यू, येत नाही तिथे लिटल, हे तुम्हाला माहीत असणारच. खरी मेख त्यांच्याआधी येणाऱ्या एवढ्याशा 'अ'मध्ये आहे. मराठीत भाषांतर करताना 'अ' नसेल तर वाक्य नकारी करा. 'फ्यू पीपल केम' म्हणजे फारसं कोणी आलं नाही. 'अ फ्यू पीपल केम' म्हणजे थोडे लोक आले. 'वुई हॅव लिटल टाइम' म्हणजे वेळ नाहीच म्हणा ना. 'अ लिटल टाइम' म्हणजे आहे थोडा, बसा. बोलताना नुसता फ्यू पुस्तकी वाटतो, 'नॉट मेनी' म्हणा. होकारी वाक्यातला 'मच'ही तसाच: 'आय हॅव मच वर्क' कोणी म्हणत नाही, 'अ लॉट ऑफ वर्क' म्हणतात.

मोजता न येणाऱ्यांत ऑफिसचे नेहमीचे गुन्हेगार: फीडबॅक, अ‍ॅडव्हाइस, इन्फर्मेशन, इक्विपमेंट, सॉफ्टवेअर. यांना एस लावायचा नाही आणि 'अ'ही नाही. 'सम फीडबॅक', 'अ पीस ऑफ अ‍ॅडव्हाइस'.

लेस आणि फ्युअरवर डोकं आपटू नका. मोजत्या वस्तूंना फ्युअर हा दंडक म्हणजे मुळात १७७० मध्ये रॉबर्ट बेकर नावाच्या इंग्रजानं सांगितलेली स्वतःची आवड. तरीही ब्रिटनमध्ये लोक यावर इतके चिडतात की टेस्कोनं २००८ मध्ये 'टेन आयटम्स ऑर लेस' ही पाटी बदलून 'अप टू टेन आयटम्स' केली. मेलमध्ये 'फ्युअर एरर्स' लिहा आणि मोकळे व्हा. अंतर, पैसे, वेळ यांना लेसच: 'लेस दॅन टेन मिनिट्स'.

आकड्यांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण अडाल तिथेच. आपल्या 'वीसेक'ला 'ट्वेंटी ऑर सो', थोडे इकडे किंवा तिकडे. 'ट्वेंटी-ऑड' म्हणजे विसाच्या थोडं वरच. 'दहा-बारा'ला 'टेन-ट्वेल्व्ह' नाही, मध्ये 'ऑर' हवा. दीड तास म्हणजे 'अ‍ॅन अवर अँड अ हाफ'. अर्धा किलो 'हाफ अ किलो'. दोन डझन संत्री 'टू डझन ऑरेंजेस', डझनला एस नाही आणि मध्ये 'ऑफ' नाही. पण डझनावारी म्हणायचं तर 'डझन्स ऑफ ऑरेंजेस'. अडीच लाख सांगताना 'टू हंड्रेड अँड फिफ्टी थाउजंड' म्हणा आणि शीटमध्ये २,५०,००० नाही, २५०,००० असा स्वल्पविराम द्या. आपला स्वल्पविराम बघून ते आधी टायपिंगची चूक शोधतात.

एक सांगायचं राहिलं, नाहीतर कोणी मला खोटं पाडेल. 'टू' नेहमीच तक्रार करतो असं नाही. 'दॅट्स टू काइंड ऑफ यू' ही आभाराची रीत आहे, 'ओन्ली टू हॅपी टू हेल्प' म्हणजे आनंदानं करतो, आणि नकारी वाक्यात त्याची धार जाते: 'नॉट टू शुअर' म्हणजे फारशी खात्री नाही. आपल्याकडे मित्राला 'यार, टू गुड' म्हणतात, तेही चालू द्या. 'टू एक्सायटेड टू स्टार्ट' मात्र यातल्या कशातच बसत नाही, फळ्यावर काहीही लिहिलेलं असो.