क्यू हातात आला की घाबरू नकोस

विश्रामबागेत रविवारी स्क्रॅबल, म्हणजे इंग्रजी अक्षरं जुळवून शब्द लावायचा खेळ, खेळताना तू क्यू हे अक्षर धरून शेवटपर्यंत बसलास, ते पाहून जीव तुटला रे. इंग्रजीत क्यूमागे बहुधा यू लागतो, पण स्क्रॅबलच्या शंभर टाइल्समध्ये, म्हणजे अक्षरांच्या सोंगट्यांमध्ये, क्यू एकच आणि यू फक्त चार. त्यामुळे यूची वाट बघत बसायचं नाही. क्यू-आय हा दोन अक्षरी शब्द आधी पाठ कर. यानेच डाव सुटतो. मग पाच अक्षरी, यूशिवायचे: एफ-ए-क्यू-आय-आर, टी-ए-एल-ए-क्यू, एन-आय-क्यू-ए-बी. फकीर, तलाक, निकाब आपल्या कानावरचेच आहेत, स्पेलिंग तेवढं डोक्यात बसव.

सात अक्षरी शब्दांची गोष्ट वेगळी. हातातल्या सातही टाइल्स एकदम लावल्या की 50 गुण जास्त मिळतात, म्हणून रॅकवर, म्हणजे आपल्या टाइल्स ठेवायच्या पट्टीवर, ए, ई, आय, एन, आर, एस, टी यांतली अक्षरं जपून ठेवायची. ही सातही जमली तर रिटेन्स, नॅस्टियर, रेटिनाज, स्टेनर, काहीही लागतं. एस तर पाच-सहा गुणांसाठी उगाच उडवू नकोस, तीही चारच असतात.

याद्या वाचून लक्षात राहत नाहीत. सांगली-मिरज बसमध्ये पाट्यांवरची इंग्रजी अक्षरं मनात उलटसुलट लावत जा. आणि पुढच्या रविवारी माझ्यासमोर बस.