स्प्रिंगा नव्या, शॉकअप जुनेच

प्रश्न : माझ्या छोट्या सेडानला सीएनजी किट बसवल्यापासून गाडी मागून बसली होती. गॅरेजवाल्याने मागे जाड तारेच्या स्प्रिंगा टाकल्या. गाडी उचलली, पण आता कुंभार्ली घाटात खड्डा लागला की मागची बाजू दोन-तीनदा हेलकावते. शॉकअप ८५ हजार किलोमीटर चाललेले आहेत, पण गळत नाहीत. सर्वांत कडक शॉकअप टाकू का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : गळत नाही म्हणजे शॉकअप धडधाकट, असं नसतं. आतलं तेल पातळ पडतं, व्हॉल्व्ह झिजतात, आणि बाहेरून रॉड कोरडा ठणठणीत दिसतो. ८५ हजार म्हणजे आपल्याकडच्या रस्त्यांवर त्याने पुष्कळ सोसलं.

गाडीचं वजन पेलते ती स्प्रिंग. खड्ड्यात दबलेली स्प्रिंग उलटून उसळते, तेव्हा तिला आवरायचं काम शॉकअपचं. तुमच्याकडे तरण्या खोंडाचा कासरा म्हाताऱ्याच्या हाती दिलाय. छोट्या गाड्यांत मागची स्प्रिंग आणि शॉकअप बहुतेक वेळा वेगवेगळे बसवलेले असतात. त्यामुळे एक बदलायचं आणि दुसरं तसंच ठेवायचं, हा मोह गॅरेजवाल्याला होतोच. मलाही व्हायचा.

तारेची जाडी मात्र हलक्यात घेऊ नका. वेढे आणि वेढ्यांचा घेर तेवढाच ठेवून ११ मिलिमीटरच्या जागी १२ची तार आली, तर स्प्रिंग साधारण ४२ टक्क्यांनी कडक होते, कारण हिशेब जाडीच्या चौथ्या घातावर चालतो. शॉकअपला मात्र तेवढं कडक व्हावं लागत नाही. तिथे स्प्रिंगच्या कडकपणाचं वर्गमूळ लागतं, म्हणजे त्याच वजनाला साधारण १९ टक्के पुरतात.

म्हणून ‘सर्वांत कडक’ नको. फार कडक शॉकअप स्प्रिंगला वेळेत उलगडूच देत नाही. लागोपाठ खड्डे आले की चाक वरच अडकून राहतं, गाडी हळूहळू खाली बसत जाते आणि शेवटी बम्प स्टॉपवर, म्हणजे चाक आणखी वर जाऊ नये म्हणून बसवलेल्या रबरावर, आपटते. ऐन उमेदीत मी एका गिऱ्हाइकाला असे शॉकअप बसवून दिले होते. आठवड्यात तो परत आला, कंबर धरून.

मला विचाराल तर जाड स्प्रिंगा काढा. सिलिंडर आणि त्याचा सांगाडा म्हणजे डिकीत एक माणूस कायमचा बसवल्यासारखं. पाच माणसं आणि सामान धरून कंपनीने स्प्रिंग ठरवलेली असते, एवढ्यासाठी ती बदलायला नको होती. तुमच्या जुन्या थकल्या असणार. त्याच मापाच्या नव्या स्प्रिंगा आणि नवे शॉकअप, दोन्ही बाजूंना एकदमच टाका. एकाच बाजूचं बदललं तर गाडी वळणावर वेगळीच वागेल.

रोजच पाच जण बसत असतील तर गोष्ट वेगळी. मग थोडी जाड स्प्रिंग चालेल, पण शॉकअप तिच्या जोडीचाच. रिकामी गाडी फार उंच राहायला लागली तर शॉकअप पूर्ण ताणला जाऊन वर ‘टक’ आवाज येतो, तोही ऐका.

काम झाल्यावर हेडलाइट पुन्हा सेट करून घ्या. मागची उंची बदलली की उजेडही हलतो. आणि जुन्या स्प्रिंगा अजून भंगारात गेल्या नसतील, तर व्हर्नियरने दोन्ही तारांची जाडी मोजून मला कळवा.