आधी बरण्या मोज

प्रिय,

तुझं पत्र मिळालं, सोबतचा फोटोही बघितला. ओट्यावर मांडलेल्या काचेच्या बरण्या मी दोनदा मोजल्या. 49 निघाल्या. त्यांच्यामागे तू कमरेवर हात ठेवून उभी आहेस, आणि तुझ्या चेहऱ्यावरचे भाव मला चांगलेच ओळखीचे आहेत. एक मन म्हणतंय, सगळ्या पोत्यात भर आणि बाहेर काढ. दुसरं म्हणतंय, उद्याच एखादी लागली तर?

घर मोकळं करायचं तर घरी शिवणं, विणणं, साठवणीचं करून ठेवणं सोडावं लागेल का, असं तू विचारलंस. मुळीच नाही. फक्त तू जे सल्ले वाचलेस ते विकत घेऊन जगणाऱ्यांसाठी असतात, हे लक्षात घे. 'वर्षभर हात लावला नाही ना, मग टाका.' ज्याला नड पडली की दुकानात जायचं असतं त्याला हे जमतं. आपलं घर म्हणजे थोडाफार कारखानाच. तिथे कच्चा माल असणार, हत्यारं असणार, आणि काही हत्यारं दोन-दोन वर्षांनी एकदाच बाहेर निघणार. म्हणून ती अडगळ होत नाहीत. पण कारखान्यात माल मोजून भरतात, आणि आपण नेमकं मोजायलाच विसरतो.

माझं कापडाचं उदाहरण सांगते. काही वर्षांपूर्वी मी कपाटातलं न शिवलेलं सगळं कापड पलंगावर काढलं आणि टेप घेऊन बसले. 43 मीटर निघालं. मग आठवून आठवून लिहिलं, गेल्या वर्षात मी खरोखर काय काय शिवलं? चार कपडे, प्रत्येकी अडीच मीटरच्या आसपास. म्हणजे वर्षाला 10 मीटर. एक चिंधीही नवी न आणता चार वर्षांहून जास्त पुरेल एवढी बेगमी माझ्या कपाटात होती, आणि मी त्याच महिन्यात 'स्वस्त मिळालं' म्हणून आणखी तीन मीटर आणलं होतं! स्वतःला काटकसरी म्हणवून घेणाऱ्या बाईचा तो हिशोब बघून मला हसूही आलं आणि लाजही वाटली. तेव्हापासून माझा नियम असा: कच्चा माल ठेवायचा तो आपल्या हाताच्या वेगाने. कपाटात जागा किती आहे हा प्रश्नच नाही. वर्षभरात तुझे हात किती काम उरकतात तेवढा माल, वर थोडा. बाकीचा माल, कितीही चांगला असला तरी, दुसऱ्या कोणाच्या हाताची वाट बघत तुझ्याकडे पडून आहे.

तर बरण्या. गेल्या दोन वर्षांत एका वेळी जास्तीत जास्त किती बरण्या भरलेल्या होत्या ते आठव. वीस असतील तर पंचवीस ठेव. काच टिकते, तिला वास धरत नाही, ती कितीही वेळा उकळत्या पाण्यातून काढता येते, म्हणून बरणी टाकवत नाही हे खरं. पण बरणीचा जीव झाकणात असतो, आणि झाकण काचेएवढं टिकत नाही. आतल्या बाजूला जी मऊ कड असते ती एकदा दाबली गेली की दुसऱ्यांदा तितकी घट्ट बसेलच असं नाही. कोरडं सामान ठेवायला चालेल, हवाबंद साठवणीला नाही. झाकण उलटं करून नखाने कड तपास. चिरलेली, गंजलेली, आधीच्या पदार्थाचा वास न सुटणारी झाकणं काढ. एवढं केलंस तर निम्म्या बरण्यांचा निकाल आपोआप लागेल, कारण झाकण नसलेली बरणी म्हणजे नुसता जाड पेला. त्यातल्या तीन-चार पेन, ब्रश, विणायच्या सुया उभ्या ठेवायला घे. चाळीस नकोत.

आता एक गोष्ट जी मला फार उशिरा कळली. ठेवलेली वस्तू जशीच्या तशी राहते अशी आपली समजूत असते. तसं नसतं. माझ्याकडे इलॅस्टिकचं एक आख्खं रीळ होतं, अकरा वर्षं जपलेलं. एकदा खरंच नड पडली. मोठ्या दिमाखात रीळ काढलं, हातभर तुकडा कापला, ताणला. आतून बारीक करकर ऐकू आली आणि पट्टी ताणलेली तशीच लोंबत राहिली, परत आलीच नाही. बोटांना पिवळट पूड लागली. रबराला हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन खातो, ऊन आणि उष्णता त्याला हातभार लावतात. मग ते एक तर चिकट होतं नाहीतर ठिसूळ. अकरा वर्षं मी इलॅस्टिक जपलं नव्हतं, त्याचं मरण सांभाळलं होतं.

अशा नाशवंत गोष्टी घरात बऱ्याच असतात, आणि त्या टिकाऊ वस्तूंच्या रांगेत साळसूदपणे बसलेल्या असतात. उघडलेली झटपट चिकटणारी गोंदाची नळी हवेतल्या ओलाव्यानेच आत घट्ट होते. कात्रणं साठवली असशील तर वर्तमानपत्राच्या कागदात लिग्निन नावाचं लाकडातलं द्रव्य असतं, तो उजेडात पिवळा पडून मोडतो. जुन्या विजेरीत विसरलेले अल्कलाइन सेल फुटून पांढरी पूड बाहेर येते. ती क्षारधर्मी, कातडीला झोंबणारी असते, तिला उघडा हात लावू नकोस. हातमोजे घालून, व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसून काढ. फोनची फुगलेली जुनी बॅटरी तर घरात ठेवूही नकोस आणि रोजच्या कचऱ्यातही टाकू नकोस, तिला आग लागू शकते. ती ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावरच दे.

बियांचंही तसंच. बागेसाठी म्हणून तू पुड्या जमवल्या आहेस ना? कांद्याचं बी जेमतेम एक-दोन वर्षं तग धरतं, टोमॅटोचं नीट ठेवलं तर चार-पाच. शंका आली तर फेकू नकोस आणि भरवसाही ठेवू नकोस. दहा बिया ओल्या कागदात गुंडाळून उबेला ठेव. आठवड्या-दोन आठवड्यांत सात-आठ रुजल्या तर पुडी ठेव. दोन-तीनच रुजल्या तर सगळं बी एकदम दाट पेरून टाक आणि मोकळी हो.

जुन्या कपड्यांच्या पुसण्यांबद्दल तू काही विचारलं नाहीस, पण फोटोत कोपऱ्यात ते बोचकं दिसलं, म्हणून सांगते. सगळ्या कपड्याची पुसणी होत नाही. कापडावर पाण्याचा एक थेंब टाक. सुती असेल तर शोषून घेईल, पॉलिस्टर बहुतेक वेळा थेंब वरच मिरवत ठेवील. शोषणाऱ्यातल्या पंधरा-वीस पुसण्या काप, सारख्या मापाच्या, म्हणजे घडी घालून एका खणात मावतील. बटणं आणि चेन आधी उसवून घे. हे काम टीव्हीसमोर बसून होतं आणि मला तरी त्यात फार सुख वाटतं. कमावलेल्या पगारापेक्षा फुकट मिळालेली सहा सारखी बटणं जास्त आनंद देतात, असं का होतं देव जाणे.

लोकरीचं मात्र वेगळं. कसरीच्या अळ्या लोकर खातात, आणि घामाचे, तेलाचे डाग पडलेली जागा त्यांना आधी आवडते. धुतल्याशिवाय पिशवीत कोंबलेला स्वेटर म्हणजे त्यांना दिलेलं आमंत्रण. उसवून पुन्हा विणायची लोकर असेल तर आधी धू, पूर्ण वाळव, मग बंद पिशवीत ठेव. कीड लागल्याची शंका असेल तर पिशवी उणे 18 अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे राहू दे, अंडीसुद्धा मरतात.

दुरुस्तीच्या ढिगाकडे आता येते, कारण आपल्यासारख्यांच्या घरात खरा पसारा तिथेच असतो. शिवण उसवलेलं, बटण तुटलेलं, खुर्चीचा पाय हललेला, मिक्सरचं झाकण तडकलेलं. प्रत्येक वस्तूकडे बघून मनाला टोचणी लागते, आणि टोचणी लागली की आपण तिच्याकडे बघणं टाळतो. मी एक टोपली ठेवली आहे, मध्यम आकाराची. दुरुस्तीचं तेवढ्यातच मावलं पाहिजे. आठवड्यातून एक संध्याकाळ ती घेऊन बसते. जी वस्तू तीन-चार वेळा हातात येऊन पुन्हा तळाशी जाते ती मला नको आहे, फक्त तसं कबूल करायचं धैर्य नसतं. तिला त्या दिवशी निरोप. पण टोपली भरली म्हणून दुसरी टोपली आणू नकोस. आवरण्यासाठी म्हणून सुबक डबे, खोकी, कप्पे विकत आणणं हा तर मला विनोदच वाटतो. पसारा आहे तेवढाच राहतो, वर डबे वाढतात.

टाकताना जीव अडकतो तो सगळ्यांचाच, स्वतःला दोष देऊ नकोस. डॅनियल कानेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर या तिघांनी 1990 साली प्रसिद्ध केलेला एक साधा प्रयोग आहे. काही विद्यार्थ्यांना कॉफीचे मग देऊन टाकले आणि विचारलं, कितीला विकाल? ज्यांना दिले नव्हते त्यांना विचारलं, कितीला घ्याल? कॉफीचा मग हातात येऊन फार वेळ झाला नव्हता, तरी मालकांनी मागितलेली किंमत घेणाऱ्यांच्या किमतीच्या सुमारे दुप्पट होती. तेव्हा एखादी वस्तू हातात घेऊन 'किती चांगली आहे ही' असं वाटलं, तर प्रश्न बदल: आज ही माझ्याकडे नसती तर मी ही मिळवायला बाहेर पडले असते का? मला या एका प्रश्नाने बराच माळा रिकामा करून दिला.

हत्यारांना मात्र हा प्रश्न लावू नकोस. कापडाची चांगली कात्री, टेप, सुयांची पाकिटं, पकड, स्क्रूड्रायव्हर, वजनकाटा, मोठं जाड बुडाचं पातेलं, हे राहू दे. कच्चा माल पुन्हा मिळतो. चांगलं हत्यार गेलं की त्याच्यासोबत ते काम करायची सवयही जाते. दोन असतील तर बरं ते ठेव. तिसरी बोथट कात्री 'कागदाला होईल' म्हणून ठेवणं, हे मात्र पुरे.

आणि दुसऱ्याच्या वस्तूंना हात लावू नकोस. हे मी ठेच लागून शिकले. आवरायच्या जोशात मी यांचा एक पत्र्याचा डबा भंगारात दिला. स्क्रू, नट, वॉशर, बिजागऱ्या, सगळी सरमिसळ, वीस वर्षांची. दहाच दिवसांत माझ्याच आवडत्या पातेल्याच्या झाकणाची मूठ निघाली. साधा 4 मिलिमीटरचा स्क्रू, ज्याच्या आट्यांमधलं अंतर 0.7 मिलिमीटर असतं. हे मला आता पाठ आहे कारण तो शोधायला मी तीन ठिकाणी फिरले. हे काही बोलले नाहीत. नुसतं झाकणाकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. बोलले असते तर बरं झालं असतं. तुझ्या घरातल्या माणसाला एक खण नाहीतर एक फळी ठरवून दे, आणि त्यात काय ठेवायचं ते त्याचं त्याला ठरवू दे.

देऊन टाकायचं ते लगेच घराबाहेर जाऊ दे. 'कोणाला तरी देऊ' म्हणून दाराशी ठेवलेली पिशवी दोन महिने तिथेच असेल तर ती पिशवीही पसाराच. फाटकं, डागाळलेलं कोणाला देऊ नकोस. आपला कचरा दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवायचा आणि वर दान केल्याचं समाधान घ्यायचं, हे बरं नाही.

एका दिवसात सगळं घर काढू नकोस. बरण्यांचा ओटा आधी, कारण तो निदान मोजता येतो. कापड पुढच्या रविवारी. फोटोत पलंगाच्या कडेला निळ्या रंगाचं जुनं कापड आहे ते टाकायच्या ढिगात गेलंय असं दिसतं, ते तूर्त बाजूला ठेव. दोन्ही अंगठे जवळजवळ धरून एकदा उभ्या आणि एकदा आडव्या धाग्यात झटका देऊन बघ. टरकन फाटलं तर पुसण्या. नाही फाटलं तर माप घे आणि मला कळव, दीड मीटरच्या वर असेल तर त्याला अस्तर लावून काय करता येईल ते माझ्या डोक्यात आहे. आणि येताना तुझ्याकडच्या जास्तीच्या झाकणांपैकी रुंद तोंडाच्या बरणीची दोन घेऊन ये, माझी गेल्या महिन्यात गंजली.

तुझी,
मावशी